हिरवं ते पीक

लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. माहेर भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतलं. कुंडीतली तुळस, एवढीच माझी शेती. पण तोंड बंद ठेवेन तर मी कसली! पहिल्याच पावसाळ्यात सोयाबीनमध्ये तण माजलं आणि निंदायला बाया मिळेनात, सगळ्या धानाच्या रोवणीला गेलेल्या. मी ठणकावून सांगितलं, तणनाशक मारा.

सासूबाईंना ते पटेना. तणातच उगवणारा तरोटा, म्हणजे टाकळा, त्यांची आवडती रानभाजी. "दवाई मारशील, मंग तरोट्याची भाजी काय डब्यातून काढशील?"

पण नवऱ्यानं डबा आणला. मी सोबतचा कागद सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, आणि त्यानं मोजून दवाई पाण्यात कालवून पंप पाठीवर घेतला. या घरात माझा शब्द पहिल्यांदाच कुणी ऐकला होता. दोन दिवस मी हवेत होते.

पाचव्या दिवशी तणाबरोबर सोयाबीनही पिवळं पडलं. पीक थोडं पिवळं पडून सावरतं, असं कागदावर होतं, मी ते वाचलंही होतं. पण पिवळ्या वावरापुढे कागदाचं कोण ऐकतं? सासूबाई रोज शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चक्कर मारून यायच्या आणि म्हणायच्या, "मले काऊन विचारता? शिकलेल्या सुनेले विचारा."

दहाव्या दिवशी शेंड्याला नवं हिरवं पान फुटलं. मी धुऱ्यावर नाचले, चिखलात आपटले, उठून परत नाचले. गवत मेलं होतं. तरोटा तेवढा वाचला होता. खालच्या कोपऱ्यात तर पिकाच्या ओळीही दिसेनात इतका दाटला होता. तो हातानं काढायला रोवणीतून सुटलेल्या सहा बाया आल्या, सासूबाईही उतरल्या. निंदताना प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या ओळींची पाथ धरली. मी कोपऱ्यातली धरली आणि सुटले! सगळ्यांच्या आधी पलीकडच्या धुऱ्याला पोचले, कमरेवर हात ठेवून मागे पाहिलं.

बाया खाली बसून हसत होत्या. एकीला तर ठसका लागला. "दवाईनं ठेवलं, ते बाईनं उपटलं वो!"

माझं डोकं सरळ चाललं होतं: हिरवं ते पीक, पिवळं ते तण. तरोटा टवटवीत उभा, आणि अजून पुरतं न सावरलेलं सोयाबीन मुळासकट माझ्या मुठीत. आता संपलंच, या घरात पुन्हा आपल्याला कोण विचारणार, असं वाटलं. सासूबाईंनी माझी पाथ टोकापर्यंत पाहिली, पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. मग काय, मीही हसत हसत मातीतच बसले.

"उद्यापासून पाथ माझ्या बाजूले धर," त्या म्हणाल्या. "वाचाचं काम तुझं, वळखाचं माझं."

मी अजून त्यांच्या बाजूचीच पाथ धरते. आता त्यांना कमी दिसतं. रोप चिमटीत धरून त्या विचारतात, "हे काय वो?" मी सांगते, "तरोटा." आणि त्या बिनधास्त उपटतात.