ओवा विसरलेली पोपटी

फोडणीत ओवा तडतडला आणि मला रोह्यातली ती सकाळ आठवली. आदल्या संध्याकाळी काकांनी वालाच्या शेंगा मडक्यात भरून जाळावर भाजायची पोपटी लावली, पण मडक्यात ओवा घालायला विसरले. ओव्याशिवाय वाल बाधतात. सकाळी माझं पोट पिळवटून निघालं, आणि त्याच दिवशी बी.ए.चा शेवटचा पेपर होता.

“राहू दे गो,” काका म्हणाले. “नायतरी शिकून काय करणार हायस?”

आईने माझ्या तळहातावर ओवा नि मीठ ठेवलं. “ओवा तुम्ही विसरलात, भावजी. पेपर तिनं कशाला सोडायचा? चाव गो, नि चल.”

काकांना असं कुणी बोलत नसे. तेव्हा मी घाबरले होते. आज वाटतं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. जीभ जळत होती, तरी पेपर पुरा लिहूनच मी उठले.