लक्ष्मणनं बसवलेली पट्टी

संकष्टीच्या आदल्या दिवशी हॉटेलात साबुदाणा भिजत घालत होतो, तेवढ्यात अंकुशनगरहून वहिनींचा फोन आला. "भाऊ, हे गेले… सकाळी चहा मागितला, अन् मी आणेस्तोवर…" मी काहीतरी बोललो असेन. आठवतं ते एवढंच, की मनात पहिला विचार आला तो लक्ष्मणचा नव्हता. उद्या आता आपल्याला खरं बोलावं लागणार नाही, हा होता. ही लाज इथेच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या सवयीनं मी ती पुढं गोड करून वाढीन.

राजूरला गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांना माझं हॉटेल ठाऊक आहे, ते चहासाठी नव्हे, गोळीमशीनसाठी. तिरपं टेबल, त्यावर धावणारी पोलादी गोळी, गोळी उडवायला दोन बाजूंना बटणं, आणि डोक्यावर उभी काच. काचेवर मागच्या बाजूनं रंगवलेली, मुकुट घातलेली राणी. हे मशीन मी सिकंदराबादच्या भंगारातून आणलं. पण गिऱ्हाइकांना सांगत आलो की एका साहेबानं ते पैजेत हरून मला दिलं, वाटेत त्याच्या वजनानं ट्रकचे चारी टायर फुटले आणि इथं आल्याबरोबर राणीनं एका तहसीलदाराला डोळा मारला. माझ्या बोलण्यातलं निम्मं कापायचं आणि उरलेलं चाळून घ्यायचं, हे सारं राजूर जाणतं. फक्त एका गोष्टीला कुणी चाळणी लावली नाही…

लक्ष्मण भीमनगरातला, शाळेत माझ्याच बाकावरचा. रेडिओ, टीव्ही, पंखे दुरुस्त करायचा. मेलेला ट्रान्झिस्टर त्याच्या नुसत्या खाकरण्यानं बातम्या द्यायला लागायचा, ही थाप न्हाई. बरं, थोडी आहे. गोळीमशीनचं पोट त्याला पाठ होतं. एकदा राणीची काच धरणारी ॲल्युमिनियमची पट्टी ढिली झाली. गोळी आपटली की काच खडखड वाजायची. लक्ष्मण म्हणाला, "नान्या, चार दिस मशीन बंद ठेव. पट्टीच्या खाचेत मऊ कापड बसवावं लागतंय. अन् चिकटवायचं काई लावू नको बरं, रंग मागून हाय." पण दुसऱ्याच दिवशी अंगारकी होती, अख्खा तालुका लोटणार होता. चार दिवस बंद? मी सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणली आणि अख्खी पट्टीत पिळली. सकाळी बघतो तर सोल्युशन ओघळून काचेमागं उतरलेलं. पुसायला गेलो, तर राणीचा चेहरा माझ्या फडक्यावर आला.

गर्दी विचारायला लागली. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून किस्साच निघाला. लक्ष्मणनं पट्टी अशी आवळली, अशी आवळली, की राणी मुकुट तिथंच ठेवून माहेरी निघून गेली! हॉटेल हसून लोळलं. दोष भीमनगरातल्या माणसावर ढकलला की गाव पुरावा मागत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पुढं लोक त्याच्या दुकानावरून टीव्ही जालन्याला न्यायला लागले. जाता जाता टोमणा: "लक्ष्मण, तुझ्याकडं न्हाई देत बाबा, टीव्हीतल्या बायांचे चेहरे उडतील!" वर्षाच्या आत त्यानं दुकान बंद केलं आणि अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वायरमन म्हणून लागला.

जाण्याआधी तो माझ्याकडं आला. तीन दिवस बसून माझं सोल्युशन नखानं खरवडलं, जुन्या बनियनच्या पट्ट्या कापून खाचेत सरकवल्या, एकेक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा देत आवळला. मध्येच थांबून अंगठ्यानं पट्टी दाबून बघायचा. मला एका शब्दानं बोलला नाही. आणि मी? भट्टीजवळून गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होतो, "बघा, बघा, प्रायश्चित्त घेऊन राह्यला!"

पुढं कितीतरी वर्षं तो संकष्टीला राजूरला यायचा. कुणी किस्सा मागितला की मी त्याच्या तोंडावर सांगायचो, तोही हसायचा. मला वाटायचं, यालाही मजा येते. शेवटच्या खेपेला मात्र हसला नाही. निघताना पट्टीवर अंगठा दाबला आणि तिकडंच बघत म्हणाला, "नान्या, एकदा खरं सांग ना. मी इथं बसलेला असताना."

"पुढच्या चतुर्थीला बराबर सांगतो. बिलकुल!"

पुढच्या चतुर्थीला मी त्याच्या मातीला गेलो. वहिनी म्हणाल्या, "मागल्या खेपेला तुमच्याकडून आल्ते तवापासून लई खुशीत होते. म्हणायचे, नाना चतुर्थीला खरं सांगणार हाय. खरं म्हंजी काय हो, भाऊ?" म्हणजे यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं… इतकी वर्षं… मी खाली बघून म्हणालो, "काई न्हाई वहिनी, आमची जुनी गंमत."

परवाच्या संकष्टीला हॉटेल गच्च भरलेलं असताना मी बाकड्यावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ट्यूब, फडकं, सगळं. कोपऱ्यातून एक जण ओरडला, "नाना, ही थाप तर पहिलीपेक्षा जबरी हाय!" मी गणपतीची शपथ घेतली. तसे अजून हसले.

म्हणून हे लिहून छापायला दिलं. वहिनी, तुम्ही विचारलं होतं. ट्यूब माझ्या हातात होती. लक्ष्मणनं राणीला बोटही लावलं नव्हतं.

मशीन अजून चालतं. मुकुटाखाली चेहऱ्याच्या जागी आतला दिवा नुसता पांढरा दिसतो. गोळी आपटते, घंटी वाजते, काच मात्र खडखडत नाही. रोज शटर वर केलं की चहा टाकायच्या आधी मी पट्टीवर अंगठा दाबून बघतो… बराबर बसलेली आहे.