खंडेनवमीचे नऊ फोटो

माझा स्वभाव मुळातच तापट. त्यामुळे सुपरवायझरची जागा माझ्यानंतर आठ वर्षांनी लागलेल्या माणसाला मिळाली, तेव्हा मी आधी डबा आपटला आणि मग युनियनच्या ऑफिसात गेले. अंधेरीच्या आमच्या औषधाच्या कारखान्यात गोळ्या पट्टीत भरायचं मशीन मी अकरा वर्षं चालवत होते. त्या माणसालाही ते मीच शिकवलं होतं. पण कागदावर तो ऑपरेटर आणि मी पॅकर. आमच्याकडे बायका पॅकर म्हणून लागायच्या आणि पॅकर म्हणूनच निवृत्त व्हायच्या. मधल्या काळात त्या काय काय करायच्या, ते कुणी लिहून ठेवत नसे.

युनियनचे वकील मुलुंडचे, साठीचे, सतत आल्याच्या वड्या चघळणारे. मी त्यांच्यापुढे तासभर तावातावाने बोलले. मॅनेजरसाहेब बायकांना कसे कमी लेखतात, कसे खोचक हसतात, सगळं सांगितलं.

"ताई, साहेबांच्या मनात काय आहे ते कोर्टाला दिसत नाही," ते म्हणाले. "कोर्ट एवढंच बघणार, की जागेसाठी अट काय होती, ती त्याला कशी लावली आणि तुम्हाला कशी लावली. फरक केला असेल तर त्याचं कारण टिकतं का. तुम्ही मशीन चालवता याचा कागद आहे?"

"कागद कशाला? सगळ्यांना माहितीये ना!"

"मग सगळ्यांना कोर्टात आणणार का?"

मी तरीही तक्रारीवर सही केली.

औद्योगिक न्यायालयात तक्रार गेली आणि कंपनीचं उत्तर आलं. मशीन चालवल्याचा अनुभव ही अट आहे आणि या बाईंना तो नाही. वर, आम्ही स्त्रियांचा किती मान ठेवतो हे दाखवायला त्यांनी फोटोंचा अख्खा अल्बम जोडला होता. महिला दिनाचे गुलाब, सहलीचे फोटो, आणि खंडेनवमीला मशीनची पूजा करणारी मी. नऊ वर्षांचे नऊ फोटो. दरवर्षी साडी वेगळी, मशीन तेच. वकील इतके हसले की वडी घशात अडकली.

साक्षीला मॅनेजरसाहेब उभे राहिले. आमच्या वकिलांनी अगदी गोडीत विचारलं, "खंडेनवमीला मशीनची पूजा कोण करतं?"

"ज्याचं मशीन तो," साहेब सहज म्हणाले. आमच्याकडे पद्धतच तशी. जो मशीन चालवतो त्यानेच ते पुसायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही.

"ज्याचं म्हणजे?"

"म्हणजे जो चालवतो..." वकिलांनी अल्बम त्यांच्यापुढे धरला. मी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

मग न्यायाधीशांनीच विचारलं, "ज्यांची निवड केलीत, ते ऑपरेटर कसे झाले?"

"मशीन चालवायला लागले, म्हणून केलं."

"आणि या बाई?"

साहेबांनी नुसतं पाणी मागितलं.

निकालात मला थेट जागा मिळाली नाही. कंपनीने निवड पुन्हा करावी आणि अनुभव मोजताना हुद्द्याचं नाव न बघता केलेलं काम बघावं, एवढंच लिहिलं होतं. मी हिरमुसले. वकील म्हणाले, "अहो, एवढंच तर हवं होतं!" त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या खेपेला माझीच निवड झाली. मी शिकवलेला तो माणूस स्वतःहून आला. "आता मॅडम म्हणू की ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "ताईच म्हण रे, पण वेळेवर ये."

पेढे घेऊन मी घाटकोपरला गेले, माझ्या आधी ते मशीन चालवणाऱ्या बाईंकडे. मला काम त्यांनीच शिकवलं होतं. एकवीस वर्षं मशीन चालवून त्या पॅकर म्हणूनच घरी गेल्या होत्या. मी साहेबांची नक्कल करून सगळी हकिगत सांगितली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी विचारलं, "मी तक्रार केली असती तर मला मिळालं असतं का गं?"

"तुमच्याइतकं लायक कोण होतं, बाई?"

"ते मला माहितीये. मिळालं असतं का?"

त्यांच्या काळात फोटो काढायची पद्धतच नव्हती. कोर्टात दाखवायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली आणि मलाच रडू फुटलं. त्या उठल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.