रिकाम्या खुर्चीतला सत्कारमूर्ती

हिंदी सिनेमाच्या एका वार्षिक पुरस्कार सोहळ्यात मला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याची ट्रॉफी मिळालेली आहे. सिनेमात मात्र मी कधी काम केलेलं नाही.

त्याचं असं झालं. माझा मेहुणा मंदार अशा सोहळ्यांची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीत आहे. एका सकाळी घोडबंदर रोडवरून त्याचा फोन आला. (ट्रॅफिकमध्ये अडकला की त्याला नातेवाईक आठवतात!)

"भाऊजी, आज ताईला घेऊन या. कपडे चांगले घाला. पुढच्या रांगेत बसायचंय."

"पुढच्या रांगेत? अरे, आम्ही कोण?"

"कोणीच नाही. म्हणूनच हवे आहात!"

कलाकार नाचायला स्टेजवर गेले की त्यांच्या खुर्च्या रिकाम्या पडतात, आणि ते टीव्हीवर बरं दिसत नाही. मग तिथे आमच्यासारखी सभ्य चेहऱ्याची माणसं बसवतात. मूळ मालक आला की गुपचूप उठायचं.

"बोलायचं नाही, सेल्फी काढायचा नाही. माझी नोकरी तुमच्या हातात आहे," मंदार म्हणाला.

डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला मी "अवॉर्ड्सचं आमंत्रण आलंय" एवढंच सांगितलं. शेजारच्या प्रधानांचा ब्लेझर मागून आणला. तो पोटावर बंद होईना, म्हणून हात बांधून बसायचं ठरवलं. माझी बायको सुनंदा पैठणी नेसली आणि आरशासमोर टाळ्या वाजवायची प्रॅक्टिस करू लागली!

हॉलमध्ये मंदारने सुनंदाला एका नटीच्या जागी बसवलं आणि मला एका बुजुर्ग नटाच्या. हे गृहस्थ वर्षानुवर्षं नायिकेचे वडील होऊन छातीला हात लावून कोसळत आलेले. आत्ता ते बाथरूमला गेलेले.

मी टेकतोय तोच स्टेजवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्यांचा कडकडाट! कॅमेरा थेट माझ्यावर! मी मागे पाहिलं. मागचे मलाच पाहत होते. शेजारच्या गुबगुबीत निर्मात्याने मला मिठी मारली.

"जाइए, जाइए! उनकी तरफ़ से ले लीजिए!"

"नहीं नहीं, मैं तो सिर्फ बैठने को आया है!"

त्याने मला अक्षरशः ढकललं. कडेला मंदार दोन्ही हात हलवत होता. 'थांबा' म्हणत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, 'लवकर जा' म्हणतोय!

बघता बघता मी स्टेजवर. हातात ट्रॉफी, समोर माईक, ब्लेझर सताड उघडा. निवेदिकेने गोड आवाजात विचारलं, "सर कहाँ हैं?"

आता एवढ्या मोठ्या लोकांसमोर 'बाथरूम' कसं म्हणायचं? मी शुद्ध, सुसंस्कृत शब्द शोधला.

"साहब लघुशंका को गये हैं. होने के बाद आयेंगे."

अख्खा हॉल हसून असा फुटला, की विनोदी नटालासुद्धा हेवा वाटावा. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मंदार तर भिंतीला टेकून खालीच बसला. गेली पोराची नोकरी!

तेवढ्यात ते बुजुर्ग नट हात रुमालाला पुसत धावत वर आले. मी ट्रॉफी त्यांच्या हातात कोंबली आणि हात जोडले. त्यांनी माईक घेतला.

"सारी उम्र इस घड़ी का इंतज़ार किया, और घड़ी आई तो मैं ही ग़ायब! शुक्र है, इस भाई ने मेरी इज़्ज़त रख ली."

आणि त्यांनी मला मिठी मारली. हॉल उभा राहिला. खाली आल्यावर मंदारचा साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "क्या आयडिया था!" मंदारने कपाळावरचा घाम पुसत ती आयडिया आपली असल्याचं कबूल केलं.

पुढे सोहळा टीव्हीवर लागणार होता. मी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून घेतला, सगळ्यांना बटाटेवडे सांगितले आणि प्रधानांना मुद्दाम पुढे बसवलं. पुरस्काराचं नाव पुकारलं गेलं. मी खुर्चीत सरसावलो. आणि पडद्यावर बुजुर्ग नट थेट ट्रॉफी घेऊनच उभे! माझं भाषण, माझी मिठी, मी, सगळं कापलेलं!

सुनंदा मात्र दिसली. प्रत्येक गाण्याला, प्रत्येक विनोदाला, अगदी जाहिरातीला जाण्याआधीसुद्धा! पैठणीत, हसत, टाळ्या वाजवत.

परवा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने मला आरशातून बराच वेळ निरखलं. मी आपला केस सारखे केले.

"काका, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," तो म्हणाला.

"असेल," मी नम्रपणे म्हणालो.

"हां, आठवलं! त्या टीव्हीवर टाळ्या वाजवणाऱ्या मॅडमच्या पिशव्या तुम्हीच उचलता ना?"