खिडकीवर धरलेले दोन कागद

कमांड मी दिली होती. त्या सकाळी कीबोर्डावर बोटं माझी होती, आणि नंतर प्राचार्यांच्या खोलीत गप्प बसलेलं तोंडही माझंच होतं. हे आधी सांगून टाकतो. नाहीतर सरांबद्दल लिहिता लिहिता मी पुन्हा स्वतःला वाचवीन.

परभणीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी विभागप्रमुख, आणि सर माझ्या विभागात कंपायलर हा विषय शिकवायचे. तासिका तत्त्वावर. पालमहून रोज एसटीने यायचे, आले की बॅग न उतरवता प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीशी जायचे. हातात दोन कागद. एकावर एक ठेवून ते काचेवर धरायचे, उन्हासमोर, आणि मान तिरकी करून बघत राहायचे.

आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत जाण्याआधी मध्ये एका भाषेत उतरतो. ती मधली भाषा साफसूफ करणारं ‘ऑप्ट’ नावाचं एक साधन आहे. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की ते बिनकामाचं वाटेल ते काढून टाकतं. काढण्याआधी नुसती तपासणी करून आपलं मतही सांगतं. सर आधी मत विचारायचे, मग एका वेळी एकच सफाई करायला लावायचे. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद छापायचे. पडद्यावरही तुलना करता येते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्यांचा विश्वास खिडकीवर.

“राह्यलेलं कुणीबी बघतंय,” ते म्हणायचे. “गेलेलं बघा.”

पोरं चेष्टा करायची. “सर, एक्स-रे काय म्हणतोय? हाड मोडलंय का?”

“हाड न्हाई रे. अख्खा पाय गायब हाय, अन् तू पळायच्या गोष्टी करायलायस.”

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. कामात इतका गुंतलेला, की आपल्या हातात नेमणुकीचा कागद नाही हे त्याला अधूनमधून आठवण करून द्यावं लागतं. सरांना ते काम त्यांची बायको करायची. फोनवर बोलताना ते हसत म्हणायचे, “होईल की आता. कायम झालो की परभणीत खोली घेऊ. एसटीची कटकट न्हाई.” कायमच्या जागेची मुलाखत महिन्याभरावर आली होती. विभागप्रमुख म्हणून शिफारस मी करणार होतो, आणि मनापासून करणार होतो.

त्याआधी कॉलेजचं प्रदर्शन आलं. सरांच्या विद्यार्थ्यांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी स्टार्टर बनवला होता. एक जोडणी सुटल्यावर दुसरी लागण्याआधी क्षणभर थांबणं त्यात फार महत्त्वाचं होतं, नाहीतर दोन्ही एकदम लागून जाळ होतो. ते थांबणं पोरांनी साध्या रिकाम्या लूपने केलं होतं. यंत्राने नुसतं मोजत राहायचं, दुसरं काही करायचं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मला हुक्की आली. स्टार्टरच्या छोट्या पडद्यावर प्रमुख पाहुण्यांच्या नावाने स्वागताचा संदेश झळकावा. घातला. प्रोग्राम वाढला आणि चिपमध्ये मावेना. सरांना फोन लावून अडचण सांगितली.

“बस गंगाखेडला बंद पडलीय, सर. दुसरीची वाट बघायलोय. तुमी तो संदेश काढा की.”

“पाहुणे निघालेत हो. ऑप्टने पूर्ण सफाई करून बसवतो.”

“लय घाई करू नका. मी येईस्तोवर थांबा. गेलेलं बघितल्याबिगर चालू करू नका.”

“हो, हो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

साधनाने आपलं काम चोख केलं. ज्या लूपातून काही निष्पन्न होत नाही तो त्याच्या लेखी फुकटचा. त्याने तो काढला. मी राहिलेलं बघितलं. संदेश छान दिसत होता.

पाहुण्यांनी बटण दाबलं, त्यांचं नाव झळकलं, आणि पुढच्या क्षणी पेटीत जाळ झाला. कुणाला इजा झाली नाही. मोटार जळाली. मांडवात धूर भरला आणि पाहुणे रुमाल नाकाला लावून गाडीकडे गेले.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. सर नुकतेच पोचले होते, बॅग पाठीवरच.

“मार्गदर्शक कोण?”

“मी,” सर म्हणाले.

“आणि तुम्ही होतात कुठे?”

“बसमधी.”

तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी बोलेन म्हणून ते थांबले. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत राहिलो. मग तेच म्हणाले, “वेळेवर यायला पायजे होतं मी.”

मुलाखतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. पुढच्या सत्रात तासही नव्हते. खिडकीला आता पडदा लावलाय. उन्हाने स्क्रीन दिसत नाही, अशी नव्या सरांची तक्रार होती.

गेल्या आठवड्यात मी पालमला गेलो. सोबत दोन कागद नेले, त्याच प्रोग्रामचे. सर मेव्हण्याच्या बी-बियाणांच्या दुकानात पोत्यांवर बसले होते. उठले, खुर्ची पुसली. “या सर, या. च्या सांगतो.”

कॉलेजचं काही विचारलं नाही. कंपायलरचं मी काढलं, तर म्हणाले, “कॉम्प्युटर विकला. पोरगी मोबाइलवर भागवती.” मी कागद पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत.

“मला तवाच ठावं झालं, सर. पूर्ण सफाई करतो म्हून फोनवर तुमीच तर बोललात. आता ते बघून काय करायचं?”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. “मास्तर, सोयाबीनची थैली द्या की.” सर मागच्या थैल्यांच्या थप्पीकडे वळले.

मी दुकानाच्या दारात गेलो. कागद एकावर एक ठेवले आणि उन्हासमोर धरले. ओळी जुळत नव्हत्या, कागद सरकवत राहिलो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. सरांची पाठ होती.

“सर,” मी त्या पाठीला म्हणालो, “ही इथली ओळ मी घालवली. तुम्ही थांबा म्हणालात, मी थांबलो नाही. प्राचार्यांसमोर बोलायचं होतं, तेव्हा बोललो नाही. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला माफ करा.”