भावोजींची ग्रीक बाई

परक्या बाईच्या पायी वेडा होऊनही बायकोच्या मनातून न उतरलेला नवरा अख्ख्या अंबरनाथात एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे भावोजी. नात्याने माझ्या यजमानांचे थोरले मावसभाऊ, कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि त्यांचं क्वार्टर आमच्या भिंतीला भिंत लागून. बाई अडीच हजार वर्षांपूर्वीची, संगमरवरी, ग्रीस देशातली. दुसरं महायुद्ध संपून छावणीतले गोरे शिपाई गेले तेव्हा मागे राहिलेलं एक जाडजूड पुस्तक भावोजींना उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या रद्दीच्या दुकानात मिळालं, त्यात ही उभी होती. खांद्यांवर वेण्या, ओठांवर एवढंसं हसू, डाव्या हाताच्या चिमटीत नेसूचा घोळ उचलून धरलेला. उजवा हात कोपरातून पुढे केलेला, पण तिथूनच मोडलेला. कोणीतरी नवस म्हणून देवळात वाहिलेली ही मूर्ती. ही देवी, की देवीला काही घेऊन निघालेली मुलगी, आणि त्या हातात होतं तरी काय, यावर पंडितांचं एकमत नव्हतं. ते अंबरनाथात करून टाकायचं, असं भावोजींनी ठरवलं.

कारखान्यातल्या सवयीने त्यांनी आधी बाईचे तीन नकाशे काढले, समोरून, बाजूने आणि वरून. वरून काढलेल्या नकाशात फक्त भांग आणि नाक दिसत होतं, तरी तो त्यांनी माझ्या सासूबाईंना कौतुकाने दाखवला. त्यांना ती विहीर वाटली. मग लागोपाठ चार सोमवार ते शिवमंदिराच्या वाटेवर वही घेऊन उभे राहिले, देवळाला जाणाऱ्या बायका कुठल्या हाताने काय धरतात ते टिपायला. चौथ्या सोमवारी बदलापूरकडच्या एका म्हातारीने त्यांना अडवलं आणि हात नाचवत विचारलं, “लेका, तुज्या घरात बाया नाय का रं?” दुसरा कोणी तोंड लपवून पळाला असता. भावोजींनी वहीत लिहिलं की उजवा हात बोलण्यात गुंतला, पण डाव्याने निऱ्या सोडल्या नाहीत. त्यावरून अर्धा निकाल लागला. घोळ उचलावा लागतो तो वाट चालणाऱ्या बाईला, देवीला नाही, तेव्हा ही मुलगीच.

उरला हात. भावोजींनी प्लास्टरचा हात केला, कोपरापासून बोटांपर्यंत, तळवा वर. त्यावर डाळिंब ठेवलं, ते घरंगळलं. पेरू ठेवला, तो त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, चटणीला नेला. मग ते दिसेल त्या बाईला विचारत सुटले. मी नवी नवरी, मला दुसरं काही सुचतच नव्हतं, मी म्हटलं डबा असेल. फाळणीत घर सोडून आलेली रद्दीवाल्याची सिंधी आई चित्र बघून म्हणाली, “चाबी होगी. घर छोड़के निकली है, और क्या उठाएगी?” त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत.

अशात कॉलनीच्या गणेशोत्सवात त्यांचं व्याख्यान ठरलं. सगळं ऑफिस येणार होतं, आणि ऑफिसात त्यांना ग्रीक बाईचे यजमान म्हणून चिडवायचे. हातात काय होतं ते सांगता आलं नाही तर पुस्तक रद्दीत परत, असं ते मला म्हणाले. मला वाईट वाटलं. मी विचारलं, तुम्ही सगळ्या गावाला विचारलंत, वहिनींना विचारलंत का? पुस्तक मिळाल्यापासून तीन वर्षांत त्यांना हे सुचलं नव्हतं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, चित्र पाहिलं, मग तो प्लास्टरचा हात पाहिला.

“काही नाहीये हातात,” त्या म्हणाल्या. “तिचं देऊन झालंय. म्हणून तर हसतेय.” आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

व्याख्यानात भावोजींनी हेच सांगितलं. पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, हे मत कुठल्या पंडिताचं? भावोजी म्हणाले, “घरचंच आहे.” लोक हसले, पण बायकांच्या बाजूला कोणी हसलं नाही. वहिनी चटईवर बसून मान खाली घालून अंगठीशी चाळा करत होत्या.

वहिनी त्यानंतर चारच वर्षांनी गेल्या. तेराव्यानंतर मी चहा घेऊन गेले तर भावोजी फळीवरच्या त्या प्लास्टरच्या हातावरची धूळ पुसत होते. मी कप ठेवला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “साऱ्या गावाला विचारत फिरलो, त्या बाईच्या हातात काय होतं म्हणून. हिने काय काय दिलं, ते विचारायचं राहूनच गेलं.”