फटीत कोंबलेलं टायर

ह्ये मी घरात बोललो न्हाई, पारावर न्हाई, देवापुढं उभा ऱ्हाऊनसुदिक न्हाई. आता तुमच्याजवळ बोलतोय — का, ते इचारू नगा. माझं मलाच धड ठावं न्हाई.

माझं विंझरला बारकं ग्यारेज हाय. सुट्टीच्या दिशी शहरातली मंडळी मोठाल्या चाकांच्या जिपा घिऊन वेल्ह्याच्या डोंगरात चढाय येत्यात, आन परत जाताना कुनाची तरी गाडी माझ्या दारात उभी ऱ्हाती. इंजिनाचं फाउंडेशन तुटलेलं असतं — म्हंजी इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसवत्यात, त्या. मंग मी त्यास्नी शिकवतो. क्लच झटक्यानं सोडू नगा. चाक जाग्यावर फिराय लागलं तर ॲक्सिलेटर सोडा, रेटू नगा. रबरावर ऑइल गळू दिऊ नगा, रबर फुगतं आन सुटतं. एक गादी फाटली तरी दोन्ही बदला. चढाला लागायच्या आदी बॉनेट उघडून इंजिन हातानं हलवून बगा. समदं खरं हाय. आन शेवटी सांगतो, आमच्या दाजींनी एकदा क्लच असाच सोडला, तर काय झालं बगा.

ह्ये शेवटचं तेवढं खोटं हाय.

दाजी म्हंजी माझ्या अक्काचं मालक, भोंगवलीचं. जीप माझी, पन चालवायचं दाजी. घाटातला ड्रायव्हर म्हनलं की हिकडं त्यांचंच नाव. म्हातारी मानसं म्हनायची, दाजी असतील तर बसतो, न्हाईतर चालत जातो. दुसरं काय व्हतं त्यांच्याजवळ? रान न्हवतं, शिक्षान न्हवतं. ह्येच एक व्हतं.

त्या दिशी वेल्ह्याचा बाजार. सकाळी म्या बॉनेट उघडलं तर डावीकडची गादी पार फाटलेली, इंजिन हातानं उचललं जात व्हतं. नवी गादी भोरला मिळाली असती. पन भोरला गेलो तर बाजाराची फेरी बुडनार, दुसरा जीपवाला माझी मानसं पळवनार — त्याचीच जळजळ. मंग म्या काय केलं? जुन्या टायरचा तुकडा कापला, फटीत कोंबला, तारेनं आवळला. दाजींनी इचारलं, "समदं बगितलंस नव्हं, शिवा?"

"व्हय दाजी, बिनघोर चला."

सांजच्याला बाजार उरकून वर धनगरवाड्याला निघालो. एसटी तितं जात न्हाई. दाजींच्या शेजारी वाड्यावरची ठकूमावशी बसलेली, मागं पोत्यांवर मी. शेवटच्या चढाला तार तुटली. इंजिन उसळलं, त्यानं ॲक्सिलेटरची सळई वढली गेली आन गाडी आपसूक सुसाट सुटली. दाजींनी बिरेक दाबला, ष्टेरिंग डोंगराकडं वढलं, म्हनून दरीत न्हाई गेलो. दरडीवर आदळलो, जीप भंगारातच गेली. मला न् दाजींला खरचटलं. ठकूमावशीचं खुब्याचं हाड मोडलं. जल्मभर शेळ्यांमागं डोंगर हिंडलेली बाई, ती त्यानंतर उंबऱ्याभायेर आपल्या पायानं आली न्हाई.

वाड्यावरची मानसं धावली. तिला घोंगड्यात घालून दाजी त्यांच्यासंगं खाली चालत गेलं. मी गेलो न्हाई. गाडीजवळ कुनीतरी पायजे, म्हनलो. समदी वळनाआड गेली तसं बॉनेट उघडलं, टायरचा तुकडा उपसला, तार सोडवली, दोन्ही दरीत भिरकावलं. घाबरलो व्हतो का? न्हाई. आता कशाला खोटं बोलू — हात लई बेतानं चालत व्हतं.

दुसऱ्या दिशी लोकांनी इचारलं तवा म्या दाजींदेखत सांगितलं, क्लच झटक्यात सुटला, फाउंडेशन तुटलं. दाजींनी माझ्याकडं बगितलं. मंग खाली बगितलं. भांडलं असतं तर बरं झालं असतं! पन मेस्त्री मी व्हतो ना. ह्यो म्हनतो म्हंजी तसंच झालं असंल, असं त्यास्नी वाटलं. आपला पाय चुकला, ह्ये त्यांनी मनाशी धरलं ते धरलंच.

दाजी चालवनार म्हनलं की मंग कुनाच्याबी गाडीत कुनी बसंना. त्यांनीबी ष्टेरिंगला हात लावायचं सोडलं. आता भोंगवलीला दुसऱ्याच्या पोल्ट्रीवर कोंबड्यांना खाद्य टाकत्यात. एकदा जेवताना अक्का माझ्यादेखत त्यास्नी म्हनाली, "चांगली हिंडतीफिरती बाई तुमी जाग्यावर बसवली." दाजींचा घास हातातच ऱ्हायला. आन मी? म्या कालवन मागून घेतलं.

दाजी मात्र ठकूमावशीला इसरलं न्हाईत. चालत वर जायचं, तिचं लाकूडपानी बगायचं. औंदा ती गेली. तेरावं झाल्यावर दाजी माझ्या ग्यारेजात आलं. वयानं, नात्यानं थोरला मानूस — माझ्यापुढं हात जोडून उभा ऱ्हायला.

"शिवा, माझ्यापायी तुजी जीप गेली. तवा बोलाय तोंड न्हवतं. तिची माफी मागून झाली, तुजी ऱ्हायली व्हती."

म्या फडक्याला हात पुसलं. त्यांच्या खांद्यावर हात ठिवला. आन म्हनालो, "जाऊ द्या दाजी. मानसाचं चुकतं. म्या कवाच माफ केलं तुमास्नी."

माफ केलं. म्या. त्यास्नी.

दाजी हमसून हमसून रडलं. डोळं पुसून म्हनालं, आता रातची झोप तरी लागंल. म्या त्यास्नी चहा पाजला, फाट्यावर नेलं. एसटीला लई उशीर व्हता. दोघंबी दगडावर बसलो. गाडी येस्तवर बोलाय येळच येळ व्हता, आन म्या त्यास्नी पाऊसपान्याचं इचारत बसलो.